बाईंसाठी न भरलेला जग

मित्रांनो, बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर उपडा होतो. मालक, म्हणजे बाईंचे यजमान, आंघोळीपुरते दवाखान्यातून घरी आले होते. पलीकडून त्यांची लेक रडत होती. मालक एवढंच म्हणाले, "माझंच चुकलं."

मी एक जुना प्लास्टिकचा जग आहे. कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हाच माझ्या अंगावर मापाच्या रेघा होत्या, सगळ्यात वरची दोन लिटरची. बाईंनी मला त्यांच्या इस्त्रीच्या दुकानासाठी घेतलं. वाफेच्या इस्त्रीत पाणी माझ्यातूनच ओतायचं, हा त्यांचा नियम. "हा बरा, आमच्या ह्यांच्यासारखा सांडत नाही," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. मला फार बरं वाटायचं.

मग मालकांना आतड्याचा कर्करोग झाला आणि दोन वर्षांनी बाईंनाही. दोघांचीही ऑपरेशनं झाली, दोघंही पुन्हा दुकानात उभे राहिले. पण रोग परतलाय का, हे पाहायला ठरलेल्या वेळी दुर्बिणीने तपासणी करावी लागते. आदल्या दिवशी पोट साफ होण्यासाठी औषधाची पूड दोन लिटर पाण्यात मिसळून प्यायची असते. ते काम माझ्याकडे आलं.

"घ्या, तुमचं सरबत," बाई म्हणायच्या.

"सरबत असतं तर तू मला घोटभर तरी ठेवलं असतंस का?" मालक नाक धरून प्यायचे.

बाईंचीही तारीख यायची. पण दुकान पुन्हा दोन दिवस बंद कसं ठेवायचं? मालकांची तपासणी झाली की बाई म्हणायच्या, "माझं पुढच्या वर्षी बघू. डॉक्टर काय म्हणाले? पुन्हा होण्याचा धोका पुरुषांना जास्त, आणि वय झालेल्यांना जास्त. तुम्ही पुरुष आणि वर म्हातारे. मी बारा वर्षांनी लहान."

"म्हातारा कोणाला म्हणतेस गं?" मालक हसायचे आणि विषय तिथेच संपायचा.

डॉक्टरांचं पुढचं वाक्य मला मागाहून कळलं. बाई गेल्यावर मालक माझ्याकडे बघत ते किती तरी वेळा बोलले. "जास्त म्हणजे थोडाच जास्त. तपासणी दोघांनीही चुकवायची नाही." दोघांनी ते ऐकलं होतं. मालकांनी एकदा जरी घरात त्याची आठवण केली असती, तरी बाईंनी ऐकलं असतं. त्या हट्टी नव्हत्या.

चार वर्षं गेली. बाई उभ्याने कपड्यांना इस्त्री करताना दमायला लागल्या. मालक म्हणाले, "जरा बसून कर." तपासणी झाली तेव्हा रोग यकृतापर्यंत गेला होता. तो पसरला होता, म्हणून पुन्हा ऑपरेशन झालंच नाही.

मित्रांनो, मी पाणी मोजतो, माणसांचा धोका मला मोजता येत नाही. डॉक्टर 'कमी' म्हणाले तर 'नाही' असं ऐकू नका. आणि स्वतःची तारीख घेताना घरातल्या दुसऱ्या माणसाचीही घ्या.

लेक आता अडतिसाव्या वर्षात आहे. आई-वडील दोघांनाही हा रोग झालेला, म्हणून तिने आत्ताच तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी मालकांना सांगितलं आहे. परवा मालकांनी तिच्याजवळ विषय काढला.

"बाबा, माझं वय ते काय! बघू सावकाश."

मालकांनी मला विसळून पुन्हा ओट्यावर उपडं ठेवलं. तिची तारीख अजून घेतलेली नाही.