वैरी पाहिजे

वेथरबी कॉलेजच्या फुटबॉल मैदानावर माइकवरून खेळ पुकारायचं काम मी कित्येक वर्षं करतोय. एरवी मी भूगर्भशास्त्र शिकवतो. दगडांशी बोलायची सवय आहे म्हणूनच हे काम माझ्या गळ्यात पडलं, असं माझी बायको म्हणते, आणि आमचे प्रेक्षकांचे बाक पाहिले की तिला खोडून काढवत नाही. खेळाडूंचे आईबाप, दोन-तीन माजी विद्यार्थी आणि उन्हाला बसायला येणारं गावातलं एक म्हातारं जोडपं, एवढीच आमची गर्दी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहून फुटबॉलकडे, म्हणजे आमच्या त्या चेंडू हातात घेऊन धडका मारण्याच्या खेळाकडे, पाठ फिरवणारं कॉलेज शोधायला निघालात तर थेट आमच्याच दारात याल.

आमचा संघ हरतो, हे आधीच सांगून टाकतो. संघाचं नाव साळिंदर. कॉलेजच्या दाराशी सिमेंटचं एक साळिंदर बसवलेलं आहे. त्याचा एक कान तुटलेला, काटे अर्धेअधिक गळालेले. विद्यार्थी त्याला सायकली टेकवतात.

उन्हाळ्यात कॉलेजच्या अध्यक्षा डॉ. मार्गरिट स्लोन यांनी कोच लाइल ब्रँडवोल्डला बोलावून घेतलं. हंगामात आपल्या मैदानावर होणाऱ्या शेवटच्या सामन्याला बाक भरलेले दिसले तर ठीक, नाहीतर फुटबॉल बंद, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. बाई वाईट नाहीत. त्यांना फक्त फुटबॉल कळत नाही, आणि जे कळत नाही ते बंद करायला माणसाला जड जात नाही.

लाइल त्या दिवशी माझ्याकडे येऊन बराच वेळ एक दगड हातात फिरवत बसला. हा माणूस दर हिवाळ्यात गावोगाव हिंडतो, खेळणाऱ्या पोरांच्या घरी जातो, स्वयंपाकघरात बसून आईच्या हातचं खातो आणि तिला शब्द देतो, की तुमचा मुलगा चार वर्षं माझ्याकडे खेळेल आणि पदवी घेऊनच बाहेर पडेल.

"बाक रिकामे राहिले तर राहू देत रे," तो म्हणाला. "पण त्या आयांना मी काय तोंड दाखवू?"

मला फार वाईट वाटलं. मी त्याला तो दगड कुठला आहे ते सांगितलं.

अध्यक्षांनी एक न्याय मात्र केला. प्रेक्षक जमवायला म्हणून केंड्रा पिटिलो नावाची एक तरुण मुलगी नेमली. ती दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातली. तिच्या गावात फुटबॉलच्या शनिवारी कोणी लग्नाची तारीख धरत नाही, आणि धरलीच तर पाद्रीसुद्धा येत नाही. आमच्याकडे आल्यावर तिची अवस्था वाळवंटात होडी विकायला बसल्यासारखी झाली. तिने साळिंदराचं चित्र छापलेले शर्ट फुकट वाटले. फुकट ते पौष्टिक म्हणून विद्यार्थ्यांनी ते दारातच घेतले आणि दारातूनच ते परत फिरले. मग आठवडाभर ग्रंथालयात सगळीकडे साळिंदरंच साळिंदरं. तिने मैदानाच्या कडेला एक सोफा ठेवला, सोडतीत नाव निघेल त्याने त्यावर बसून सामना पाहायचा. ज्याचं नाव निघालं तो मध्यंतराआधीच झोपला. सामना संपल्यावर आम्ही त्याला उठवलं, तेव्हा त्याने सोफा छान असल्याचं सांगितलं.

शेवटी एक दिवस ती माझ्या खोलीत येऊन धपकन बसली.

"सर, इथे कोणाचा कोणावर रागच नाहीये. घोडं तिथेच अडलंय. माझ्या आजोबांनी सख्ख्या मेहुण्याशी बोलणं टाकलं होतं, का, तर तो पलीकडच्या कॉलेजचा. वैरी पाहिजे, सर. वैऱ्याशिवाय फुटबॉल म्हणजे नुसती पळापळ."

जवळचं कॉलेज म्हणजे सेंट बोटॉल्फ. मक्याची शेतं ओलांडली की अर्ध्या तासावर. शेवटचा सामना दरवर्षी त्यांच्याशीच असतो आणि दरवर्षी आम्ही तो हरतो. वैर करायला एवढं भांडवल पुरे होतं. मी गाडी काढली.

तिथले क्रीडाप्रमुख अर्लंड क्वाम यांनी कॉफी दिली, दालचिनीचे गोड रोल दिले आणि आम्ही कशासाठी आलो ते ऐकून कावरेबावरे झाले. आपलं वैर आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. केंड्राने समजावलं, की वैर नाही म्हणूनच तर आलोय, आता ते उभं करायचंय. तुमच्या विद्यार्थ्यांनी आमचं साळिंदर पळवून न्यायचं, बस्स. देशभर कॉलेजं एकमेकांची अशी चिन्हं पळवतात. एकदा का पळवलं, की आमची मुलं पेटून उठतील.

क्वामनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"चोरायचं म्हणता," ते हळूच म्हणाले. "बरं. मग कधी आलेलं तुम्हाला सोयीचं पडेल?"



सामन्याच्या आठवड्यात बोटॉल्फची पोरं चोरी करायला आली ती भर दुपारी, ट्रक घेऊन. पहारेकऱ्याला त्यांनी रीतसर विचारलं. त्याने साळिंदर उचलायला हात लावला, वर पाठीत लचक भरू नये म्हणून कसं धरायचं तेही दाखवलं. टेकवलेल्या सायकली चोरांनीच नीट बाजूला लावून ठेवल्या. आमचे विद्यार्थी शेजारून वर्गात गेले. एकाने तर त्यांच्यासाठी फाटक उघडून धरलं. मी खिडकीतून पाहत होतो. केंड्रा पायरीवर डोकं धरून बसली होती, आणि लाइल तिच्या पाठीवर थोपटत होता. खरं म्हणजे थोपटायची गरज त्याला होती.

सामन्याच्या आदल्या दिवशी ट्रक परत आला. पोरांनी साळिंदर जागेवर ठेवलं आणि पाहणाऱ्यांचे डोळे विस्फारले. कान नवा. प्रत्येक काटा जागच्या जागी, पोलादी, घासूनपुसून लखलखीत. नाकावर नवा रंग. सोबत सफरचंदाचे 'पाय', म्हणजे गोड सारण भरलेले केकसुद्धा आणले होते. त्यांच्यातली एक गोड मुलगी आमच्या जमलेल्या विद्यार्थ्यांना म्हणाली, "आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे जागून करत होते. तुमच्याकडे बघून आम्हाला फार वाईट वाटलं."

ते खाणारे तोंडातला घास तसाच ठेवून थांबले.

आमच्याकडे ऑगस्टा रीड म्हणून तत्त्वज्ञानाची एक विद्यार्थिनी आहे. फुटबॉल ही रानटी करमणूक आहे असा लेख तिने कॉलेजच्या अंकात लिहिला होता, आणि तो चांगला होता. ट्रक गेल्यावर ती साळिंदराभोवती एक फेरी मारून आली.

"हे लोक आपली कीव करतात," ती म्हणाली. आवाज अगदी थंड होता. "बोटॉल्फवाले. आपली."

तेवढ्याने भागलं. शिवी दिली असती तर आमच्या हुशार मुलांनी खांदे उडवले असते. कीव मात्र नाकाला मिरचीसारखी झोंबली. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट प्रत्येक खोलीत पोचली, आणि प्रत्येक खोलीत बोटॉल्फवाले थोडे जास्त दयाळू होत गेले.

शनिवारी मी माइकच्या खोलीत चढलो आणि खाली पाहिलं तर बाक दिसेनात. माणसंच माणसं. नियम कोणालाच येत नव्हते. चेंडू आमच्याकडे असताना गप्प राहायचं की त्यांच्याकडे असताना, हेसुद्धा एकमेकांना विचारत होते. म्हातारं जोडपं बिचारं सावलीत ढकललं गेलं होतं. अध्यक्षा मधोमध बसल्या होत्या, हात घडी घालून.

गर्दी आली म्हणून संघ काही सुधारला नाही. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा आमच्या खात्यावर शून्य होतं आणि त्यांच्या खात्यावर, जाऊ दे. बोटॉल्फचा चेंडू आमच्या गोलरेषेपासून दोन पावलांवर होता. चेंडू काखेत मारून ती रेषा ओलांडायची, त्यासाठी चार प्रयत्न. आणि त्यांच्या खेळाडूने काय केलं, तर चेंडू घेतला आणि जागेवरच गुडघा टेकला. म्हणजे झालं तेवढं पुरे, आता तुम्हाला आणखी लाजवत नाही. खेळात ही सभ्यता समजली जाते. मी तसं माइकवरून सांगितलं. सांगायला नको होतं.

आधी ऑगस्टा उभी राहिली. मग तिची रांग, मग सगळं मैदान. "खेळा! खेळा!" आपल्याच संघावर गुण चढवा म्हणून ओरडणारं मैदान मी जन्मात पाहिलं नव्हतं. क्वाम कडेला उभे राहून गोंधळून इकडेतिकडे पाहत होते. शेवटी त्यांनी लाइलकडे पाहिलं. लाइलने टोपी काढली, आपल्या पोरांकडे पाहिलं, आणि मान हलवून खुणावलं, येऊ द्या.

ते आले. तीन वेळा आले, आणि तिन्ही वेळा आमची पोरं भिंतीसारखी उभी राहिली. तिसऱ्या वेळी सगळा ढीग बाजूला झाला तेव्हा चेंडू रेषेच्या अलीकडे वीतभर पडला होता. माइकवर मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. बायको म्हणते, न आठवलेलंच बरं. सामना आम्ही हरलो आणि विद्यार्थी जिंकल्यासारखे मैदानात घुसले.

मी खाली उतरलो तेव्हा लाइल बाकाशी एकटाच उभा होता. अध्यक्षा गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे येत होत्या. त्यांचा आवाज पार बसला होता. लाइलचा चेहरा पांढरा पडला. पोरांच्या आया पलीकडे कुंपणाशी उभ्या होत्या.

"कोच, समजा हे बंद केलं," अध्यक्षा म्हणाल्या, "तर तो क्वाम काय करील?"

लाइलने प्रामाणिकपणे विचार केला. "भेटायला येईल, मॅडम. तुमचा हात हातात घेईल. आमच्याकडून काही मदत होण्यासारखी असेल तर सांगा म्हणेल."

अध्यक्षांनी मैदानापलीकडे पाहिलं. क्वाम आमच्या पडलेल्या एका खेळाडूला हात देऊन उठवत होते.

"चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "हरायचं तर खुशाल हरा. पण त्या माणसाला कळवळा येईल असं पुन्हा हरू नका."

लाइलने मान हलवली. मग तो कुंपणाकडे, त्या आयांकडे चालत गेला.