दाराला कुलूप नको

लॉन्ड्रीच्या दाराला कामाच्या वेळात मालक कुलूप घालायचा. ते काढायला लावलं तिथं इस्त्री करणाऱ्या थोरलीनं, दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं लोकांनी बाईला नाही नाही ते ऐकवलं.

थोरली ज्यूंच्या घरची. दरवर्षी सणाला तिचा बाप जेवणाच्या टेबलावर तीच गोष्ट सांगायचा: मिसर देशात आपण फारो राजाचे गुलाम होतो, मोशेनं आपल्याला बाहेर काढलं, आणि प्रत्येकानं असंच समजायचं की मी स्वतः बाहेर पडलो. थोरलीनं ते फारच मनावर घेतलं. इस्त्री फिरवता फिरवता तिनं सगळ्या बायकांना ती गोष्ट ऐकवली, काम बंद पाडलं, मालकाच्या नाकी नऊ आणले. कुलूप निघालं, मुकादमही गेला. "चालवा तुमचं तुम्ही," म्हणून मालक तणतणत घरी बसला. त्या दिवशी बायका उगाचच दारातून आत-बाहेर करत होत्या. वेड्याच सगळ्या!

आता वाफेवर लक्ष ठेवायला बॉयलरपाशी कुणीतरी बसायला हवं. धाकटी, म्हणजे थोरलीची जाऊ, तिथंच कपडे धुवायला होती. ती म्हणाली, "पाळ्या लावू या."

थोरली उखडली. "पाळ्या म्हणजे पुन्हा मुकादमीच की! जिला सवड असेल ती बघेल. आपण काय गुलाम आहोत?"

टाळ्या पडल्या. टाळ्यांना काय, हात थोडाच दुखतो!

मग व्हायचं तेच झालं. जिला सवड, ती चहाला. प्रत्येकीला वाटलं, दुसरी बघतेय. वाफेचा पाइप सकाळपासून फुसफुसत होता, सगळ्यांनी ऐकला होता. दुपारी तो फुटला आणि धाकटीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

थोरली रडत बापाकडे गेली.

"बाहेर पडलो ही निम्मी गोष्ट, बाई," तो म्हणाला. "समुद्र ओलांडल्यावर डोंगराखाली उभं राहून देवाचे नियम अंगावर घेतले, ती उरलेली. ते सांगायला लागलो की तू जेवायला वाढा म्हणून भोकाड पसरायचीस."

"मग आता सांगा ना, बाबा."

"तुला सांगून काय होणार? सुटून आलेले लोकसुद्धा मिसरातल्या जेवणाची आठवण काढून रडत होते. आम्हाला परत न्या म्हणत होते."

चार दिवसांत मालकाचा निरोप आला. परत येतो, पाइप दुरुस्त करतो, पण दाराला कुलूप लागणार. बायका जमल्या. थोरलीनं हात जोडले.

"चुकलं माझं. पाळ्या लावू, पहिली मी बसते. पण कुलूप नको, गं."

"रोज उठून कोण डोक्याला ताप करून घेणार?" कुणीतरी म्हणालं. "कुलूप असलं की बाई निदान जागेवर तरी राहते."

कुलपाच्या बाजूनं हात वर झाले. धाकटीनं डावा केला, उजवा पट्टीत होता.

मालक पक्का बेरकी. त्यानं मुकादम ठेवलाच नाही, आतून कुलूप लावायला सांगून किल्ली थोरलीच्या हातात दिली. "तुमचं ऐकतात या." तिनं ती घेतली. आपल्याकडे असली तर अडीनडीला उघडता तरी येईल, असं बिचारीला वाटलं.

पहिल्याच सकाळी धाकटी आली. पट्टी ओली झाली होती, चेहरा उतरला होता.

"जाऊबाई, दवाखान्यात जाऊन येते. उघडता का?"

थोरलीचा हात किल्लीकडे गेला. तेवढ्यात तिला दिसलं, सगळ्या काम सोडून दाराकडे बघताहेत. एकीला सोडलं की दुसरी निघणार, मग तिसरी, आणि बॉयलरपाशी पुन्हा कुणीच नसणार. तिनं हात मागं घेतला.

"सुटी झाल्यावर जा."

धाकटी मुकाट्यानं परत फिरली. भांडलीसुद्धा नाही हो.