खुंटीवरची किल्ली

"दिली? परत दिली किल्ली?" शेणाची पाटी मी तशीच दारात आपटली. "अहो, आज पाळी कुणाची व्हती?"

"आपलीच की." आमचं मालक ओट्यावर बसून शेंगा फोडत व्हतं. "जानकू आला व्हता. त्याच्या कांद्याची पात पिवळी पडलीया म्हणं. म्हणलं, ने बाबा."

"आन् आपली काय हिरवीगार हाय व्हय? शेंडं वाळून चाललंत! आत्ता पोसायच्या टायमाला पाणी न्हाई मिळालं तर कांद्याची गोटी व्हईल गोटी!"

"एका दिसानं काय व्हतंय, सखू?"

एका दिसानं! मागल्या पाळीलाबी ह्येच. आता मला सांगा, डोकं फिरंल का न्हाई माणसाचं?

विहीर आमची सामाईक. आमच्या सासऱ्याची आन् त्यांच्या धाकल्या भावाची, म्हंजी जानकूच्या बापाची. मोटारीच्या पेटीला एकच कुलूप, एकच किल्ली, आन् ती थोरल्या घरात, म्हंजी आमच्या खुंटीला. एक दिस आमी, एक दिस ते. दुसरी किल्ली करायची न्हाई असं म्हाताऱ्यांनी बजावून ठेवलेलं. किल्लीच्या निमतानं तरी भाऊबंद एकमेकांच्या दारात येत्यात, म्हणून.

आन् आमचं मालक म्हंजी गेणभाऊ! निरगुडसरात कुणालाबी विचारा. तरणेपणी हा माणूस नुसता इस्तू व्हता. भाजीला मीठ कमी पडलं की ताट अंगणात. चहा फिका झाला की कप भिंतीला. एका सालाला विहिरीनं तळ गाठला, तर यांनी जानकूची पाळीच बंद केली. जानकूची बायको इंद्रायणी तवा नवी नवरी. दारात हुबी राहून तोंडात पदर कोंबून रडली, तरी ह्यांना पाझर फुटला न्हाई. मी तवा लई भित्री. ह्यांच्यापुढं मान वर करायची माझी टाप नव्हती. पर हे बेल्ह्याच्या बाजाराला गेलं तशी मी शेणाच्या पाटीत किल्ली घातली आन् गोठ्यामागच्या वाटंनं इंद्रायणीला देऊन आले. हे यायच्या आत परत आणून खुंटीला लावली. आजपातुर ह्या कानाचं त्या कानाला कळलं न्हाई.

आन् आता बघा! मांजर दुधात तोंड घालतं तर म्हणत्यात, पिऊ दे, त्याला कोण हाय. पोराला फोन लावून गाऱ्हाणं घातलं. आमचा सार्थक मंचरला कामाला हाय, मोबाईलवर काय काय वाचत असतो.

"आई, वय झालं की माणूस निवळतो," म्हणाला.

"मंग मी का रं गढूळ झाले?"

तर मेला नुसता हसला.

सांजच्याला जानकू किल्ली लावून गेला. मी ती काढली आन् सरळ कनवटीला खोचली. ठरवलंच, आता आपल्या गेलेल्या पाळ्या वसूल करायच्या. सकाळी इंद्रायणी आली.

"वैनी, किल्ली न्यायाला आले. आज आमची पाळी."

"तुमची काल झाली. परवा झाली. आज माझी."

"आवो पर काल भाऊंनीच..."

"भाऊंचं इथं काय चालत न्हाई! चल, नीघ!"

एवढ्या जोरात वरडले की गोठ्यातली गाय उठून हुबी राहिली. इंद्रायणीनं तोंडाला पदर लावला आन् गेली. मला जरा कसंतरी झालं, पर म्हणलं जाऊ दे, माझा कांदा काय मागच्या जन्माचा पापी हाय?

लाईट यायला अजून येळ व्हता. किल्ली देवळीत ठिवली, आंघूळ उरकली. बाहीर येते तर देवळी रिकामी. आन् तिकडं विहिरीवर मोटार चालू! जानकूच्या वाफ्यात पाणी चाललंय झुळुझुळु.

तेवढ्यात मालक गोठ्यामागनं आलं. हातात शेणाची पाटी. ह्या माणसानं उभ्या जन्मात शेणाची पाटी उचलली नव्हती!

"किल्ली दिली तुमी!"

"दिली."

"चोरून? मागच्या वाटंनं?"

"तुझीच वाट हाय ती," खाली बघत म्हणलं. "त्या सालाला बाजारातनं लवकर आलो व्हतो मी. तू किल्ली घेऊन निघालेली दिसलीस. परत खुंटीला लावस्तवर पलीकडं चिंचंखाली बसून राहिलो."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. "मंग तवा बोलला का न्हाई?"

"काय बोलायचं? बरंच केलं व्हतंस की. माझ्याच्यानं झालं नसतं." पाटी खाली ठेवली. "आन् जानकू म्हणलाय, उद्या आन् परवा, दोन्ही दिस आपलं."

म्हंजी आता चिडायलाबी काय ठेवलं न्हाई ह्या माणसानं! येवढी वर्सं मी भ्याले ती कुणाला? राग तर असा आला म्हणता! चुलीपुढं बसले, चहा टाकला आन् साखरंचा डबा मुद्दाम उघडलाच न्हाई. कप नेऊन ह्यांच्या म्होरं आदळला आन् भिंतीकडं बघत हुबी राहिले. म्हणलं, आता तरी फेका.

मालकांनी बशीत वतून, फुंकून फुंकून सगळा चहा पिला. तोंड पुसलं.

"ब्येस झालाय," म्हणलं. "अजून हाय का घोटभर?"