साठ मुकी बदकं

सासूबाईंचं दर दुसरं वाक्य म्हणजे टोमणाच, असं जावयाचं ठाम मत होतं. त्यामुळे त्या जिथे कामाला होत्या त्या खेळण्यांच्या कारखान्यातच त्याने लिहिलेला कॉम्प्युटर प्रोग्रॅम बसला, तेव्हा त्याला आतून गुदगुल्या झाल्या. बावीस वर्षं सासूबाई एकेक रबरी बदक कानाशी धरून दाबत आणि जे 'चूं' करणार नाही त्यावर खडूने फुली मारत. आता ते काम प्रोग्रॅमला जोडलेला मायक्रोफोन करणार होता.

पहिल्याच दिवशी हजार बदकांतून प्रोग्रॅमने साठ मुकी काढली. त्याच हजारांत सासूबाईंच्या फुल्या होत्या दहा.

"म्हणजे मावशींच्या हातून पन्नास निसटली," मालक म्हणाले. "वय झालं आता. एक तारखेपासून घरी आराम करा."

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. जावयाला मनापासून वाईट वाटलं. शिवाय घरी म्हणजे त्याच्याच घरी, दिवसभर.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "बावीस वर्षांत हजारामागे दहा-बाराच मुकी निघाली. आज एकदम साठांची वाचा बसली?"

हाही टोमणाच, असं मनात म्हणता म्हणता तो थबकला. प्रोग्रॅमला शिकवायला त्याने पाचशे बोलकी बदकं घेतली होती आणि पाचशे मुकी. मुकी सासूबाईंनीच गोणीत साठवलेली. दर दुसरं बदक मुकं असतं, हाच धडा गिरवलेला तो प्रोग्रॅम आवाज जरा दबका आला की शिक्का मारून मोकळा होत होता. मुळात मुकी असतात किती, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

कबूल करावं तर स्वतःचीच शोभा. तरी जावयाने साठही बदकं मालकांच्या टेबलावर ओतली. "दाबून बघा."

पन्नास बदकं केबिनभर केकाटली. गप्प राहिली ती फुलीवाली दहा.

"चूक माझी," जावई म्हणाला. "हजारांत दहा, हे यांना आधी विचारायला हवं होतं. ते आता प्रोग्रॅममध्ये घालतो. आणि त्याला शंका येईल ते बदक यांच्याच कानाशी जाईल."

मालकांनी आणखी एक बदक दाबलं आणि एक तारखेचा विषय सोडून दिला.

दाराशी सासूबाई म्हणाल्या, "फार शहाणे आहात हो, जावईबापू."

सवयीने त्याने टोमणा शोधला. मग लग्नानंतरच्या सात वर्षांतले खरे टोमणे आठवून पाहिले. दोन हातांची बोटं पुरली.

"थँक्यू, आई," तो म्हणाला.

सासूबाईंनी वळून त्याच्याकडे संशयाने पाहिलं. हा टोमणा तर नाही?