अकरा नंबरचा तुकडा

अकरा नंबरच्या काचेवर तपकिरी ठिपके जवळजवळ नव्हतेच.

ताईने काच काढली, पुसली आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. रंग बिघडला म्हणावं, तर त्याच खेपेला रंगवलेल्या बाकीच्या काचा ठिपक्यांनी भरल्या होत्या. तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात बसवला होता, त्यातूनच तिने नवे काप काढले आणि दुसऱ्या दिवशी परत रंगवले. ठिपके नव्हतेच.

बावीस वर्षं ती या लॅबमध्ये माणसांच्या आतड्यांचे काप काढत होती. काचेवरचा नंबर वाचायचा, नंबरामागचं माणूस शोधायचं नाही, हा तिथला पहिला नियम. तो तिने एकदाच मोडला होता. अकरा नंबर तिचा धाकटा भाऊ होता.

धाकट्याचं आतडं नऊ वर्षं आतून सुजत आणि सोलवटत होतं. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि नदीचा उगम फळ्यावर काढून मुखापर्यंत पोचायच्या आत वर्गाबाहेर धावायचा. "पोरं मला मागे 'नळ' म्हणतात," तो हसत सांगायचा. "अक्कल आहे पोरांना."

वीतभर आतडं कापून काढायचं ठरलं, तेवढ्यात लॅबच्या प्रमुख मॅडमच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. धडधाकट पेशी आपली अडगळ स्वतःच मोडते आणि त्यातून नवं घडवते. या रोग्यांच्या पेशींत ती अडगळ साचून राहते आणि आतडं धुमसत राहतं. औषधाने ही मोडतोड पुन्हा सुरू व्हायला हवी होती. ते पाहायला औषधाआधी आणि नंतर दर काही महिन्यांनी रोग्याच्या आतड्याचा बारीक तुकडा काढत. सुरू झाली की काचेवर तपकिरी ठिपके दिसायचे.

औषधाच्या तिसऱ्या महिन्यात धाकट्याच्या तुकड्यात ठिपकेच ठिपके दिसले. ताईला राहवलं नाही.

"सांगायला नको, पण तुझ्या पेशी कामाला लागल्यात."

"म्हणजे घरात एक तरी कामसू निघालं," तो म्हणाला आणि त्याने ऑपरेशन रद्द केलं. मॅडमच्या सांगण्यावरून नाही. ताईच्या.

त्यानंतर त्याचं वजन नऊ किलोने उतरलं. तरी तो म्हणायचा, "आतून बरं होतंय ना, बाहेर दिसायला वेळ लागेल."

आता नववा महिना, आणि काच कोरी. मधल्या काळात काय बदललं हे ताईला आठवायला फार वेळ लागला नाही. बदल तिनेच केला होता.

तपासणीच्या खोलीतून तुकडे नमुने वाहणारे मामा आणायचे. अर्धा तुकडा गोठवायचा असल्यामुळे तो ताजाच, मिठाच्या पाण्यात यायचा. उरलेला अर्धा लॅबमध्ये आल्यावर फॉर्मॅलीनमध्ये पडायचा, आणि पेशी त्या क्षणी होत्या तशा थिजायच्या. धाकट्याचा या वेळचा तुकडा मात्र ताईने स्वतः आणला होता. आपल्या माणसाचा तुकडा दुसऱ्याच्या टेबलावर ताटकळत ठेवायला तिचा जीव झाला नाही. चार मिनिटांत तो फॉर्मॅलीनमध्ये होता.

"मामा, सकाळचा पहिला तुकडा तुमच्यापाशी किती वेळ असतो हो?"

"पहिला? दीड तास धरा. सगळे जमले की एकदाच निघतो. गुडघे नाहीत ना बाई. पण सांडलं नाही कधी काही."

"तुमचं काही चुकलं नाही, मामा."

ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम औषधावरच्या शोधनिबंधाची शेवटची आकृती पाहत होत्या.

"मॅडम, औषधाआधीचे तुकडे समोरच्या खोलीतून आले, पाच मिनिटांत. मग तपासणी नव्या इमारतीत गेली. औषधानंतरचे सगळे तुकडे तास-दीड तास पाण्यात बसून येतात. रक्त नाही, अन्न नाही. उपाशी पेशी स्वतःचंच मोडून खाते. हे ठिपके उपासाचे आहेत. औषधाचे नाहीत."

"वेळा लिहिल्यात कुठे?"

"फॉर्मवर तो रकानाच नाही."

"मग हे तुमचं मत झालं." मॅडमनी चष्मा काढला. "अकरा नंबर तुम्ही स्वतः आणलात. पद्धत सोडून. तो मला बाद करावा लागेल."

"तो एकच खरा आहे."

मॅडम चष्मा परत चढवून आकृतीकडे वळल्या. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही काप फार सुंदर काढता."

संध्याकाळी तिने धाकट्याला सगळं सांगितलं. तो पोटाशी उशी धरून ऐकत होता.

"म्हणजे मी ज्यांच्या भरवशावर थांबलो, ते ठिपके मामांच्या गुडघ्यांचे?"

"मी सांगायला नको होतं रे तुला."

"नको होतंस," तो म्हणाला. एवढंच. तिची समजूत काढावी असं त्याला पहिल्यांदाच वाटलं नाही, आणि तिनेही तशी अपेक्षा ठेवली नाही.

निबंध छापून आला. त्यात दहानंतर बारा होता.

धाकट्याचं ऑपरेशन एका मंगळवारी झालं. तेव्हा वीतभर गेलं असतं, आता हातभर गेलं. ताई बाहेरच्या बाकावर बसली नाही. नेहमीप्रमाणे कामावर गेली. त्या दिवशी सुट्टी घेतली असती, तर तिच्या टेबलावर दुसरं कुणीतरी असतं.

साडेअकराच्या आत दार ढकललं गेलं. मामा धापा टाकत होते. हातात एकच बरणी होती.

"थेट आणलंय, बाई. सोबत दुसरं काही घेतलं नाही. काढल्याची वेळ विचारूनच निघालो, अकरा वीस."

तिने मान हलवली आणि हातमोजे चढवले. आतडं उघडून, धुऊन, सपाट करून तिने ते फॉर्मॅलीनमध्ये सोडलं. ते पांढुरकं होईपर्यंत ती पाहत राहिली. मग चिठ्ठीवर नंबर लिहिला आणि खाली, जिथे कुठलाच रकाना नव्हता तिथे, बारीक नेटक्या अक्षरात लिहिलं: काढलं अकरा वीस. बुडवलं अकरा एकतीस.