ओढतेय की ओरडतेय

ट्रक खाणीच्या वजनकाट्यावर उभा होता. वजनाची पावती घ्यायला ट्रकवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढला, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, आई गेली," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसता हॉस्पिटलच्या जिन्यातल्या पावलांचा आवाज येत राहिला.

येतो म्हणून त्याने फोन खिशात ठेवला. काटेवाल्याने आपल्या खोलीतून नेहमीचा प्रश्न विचारला. वजन घेताना गाडीत माणसं किती, हे पावतीवर लिहायची पद्धत होती.

"आत किती?"

"दोघं."

काटेवाल्याने मान वर करून पाहिलं. डावीकडची सीट रिकामी होती. गेले पाच महिने ती रिकामीच होती आणि पाच महिने हा माणूस "एकटाच" म्हणत आला होता. काटेवाल्याने पुन्हा विचारलं नाही. पावतीवर शेवटी काय लिहिलं गेलं, ते ट्रकवाल्याने पाहिलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी, भेटायला येणारी-जाणारी माणसं थांबल्यावर, तो मिस्त्रीच्या गॅरेजात गेला. एका हातात लांबट खोका होता, बगलेत बायकोची वही.

"हा परत बसव," त्याने सांगितलं.

मिस्त्रीने खोका उघडला. आत चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पाइप होता आणि त्याच्या टोकाला लाल शंकूसारखा उघडा फिल्टर. इंजिनाला हवा पोचवणारा मूळचा काळा डबा काढायचा आणि त्याच्या जागी हा लावायचा. जुन्या गाडीला नवा दम येतो, चढाला वेगळीच गाडी वाटेल, असं विकणारा म्हणाला होता.

वेगळी वाटली होतीच. पहिल्या दिवशी बायको शेजारी बसलेली असताना त्याने चढावर पाय दाबला आणि इंजिन असं काही गरजलं की त्याला पंचवीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. 

"बघ, कशी ओढतेय," तो म्हणाला होता.

"ओढत नाही हो," ती म्हणाली, "ओरडतेय."

तुला इंजिनातलं काय कळतं, असं त्याने तिला तोडून टाकलं. अठरा वर्षं ती त्या सीटवर बसत आली होती. तिसऱ्या गिअरला गाडी जराशी गुदमरली तरी ती बोलता बोलता थांबायची. त्या दिवशी घरी आल्यावर वही काढून तिने पट्टीने एक पान आखलं. वर लिहिलं, "खाणीच्या फाटकापासून चढावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत." खाली जुन्या डब्याच्या तीन फेऱ्या, नव्या पाइपच्या तीन. भार तोच, वेळ सकाळची, माणसं तीच. आणि सगळ्यात खाली, "हरलेल्याची सही."

पाइप काढून डबा परत बसवला गेला. तीन सकाळी ती मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहत बसली. सात मिनिटं बारा सेकंद. सात नऊ. सात चौदा. आता नव्याची पाळी, असं ठरलं त्याच आठवड्यात तिचं पोट दुखायला लागलं. बरी झाले की करू, म्हणाली. खोका घरी पलंगाखाली गेला.

मिस्त्रीने काळ्या डब्याच्या पकडी सोडल्या आणि आतला कागदी फिल्टर काढून उजेडात धरला.

"चांगला आहे अजून. वहिनींनी आणला होता तोच ना हा?"

"कोणी?"

"वहिनींनी. डबा परत बसवायला तुम्ही गाडी सोडून गेलात त्या दिवशी. माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, हा घाल, यांना सांगू नकोस. तुमचा जुना फिल्टर बघितला होता त्यांनी. मातीचं ढेकूळ झालं होतं त्याचं."

त्याने फिल्टर हातात घेतला. तो दर महिन्याला जुना फिल्टर टायरवर दोनदा आपटायचा आणि परत घालायचा. वर्षानुवर्षं चाललं होतं ते; ती आजारी पडल्यापासून मात्र त्याने डबा उघडलाच नव्हता.

"ही तर लबाडी झाली," तो म्हणाला.

"लबाडी कसली? त्या म्हणाल्या, नव्याशी नव्याचीच गाठ पडली पाहिजे. नाहीतर पाइप जिंकणार आणि शाबासकी स्वच्छ हवेला मिळायची ती पाइपला मिळणार." मिस्त्रीने पान्हा कपड्याला पुसला. "आणि खरं सांगू? तुमचं इंजिन जुनं, साधं. पंप जेवढं डिझेल देणार तेवढंच देणार. त्याला लागेल तेवढी हवा चांगल्या कागदातून येतेच. जास्तीची हवा घेऊन ते काय लोणचं घालणार? त्यातून हा पाइप बॉनेटखालची गरम हवा ओढतो. बसवू नका."

"बसव."

"अहो, उत्तर मी सांगितलं की."

"तिने तुला विचारलं नव्हतं. मोजायचं ठरलं होतं."

पाइप बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काट्यावर गेला. दहा टन खडी भरून झाली. पण "माणसं तीच" या ओळीपाशी गाडी अडली होती, आणि त्याचा विचार त्याने आदल्या दिवशीच करून ठेवला होता. हॉस्पिटलच्या शेवटच्या कागदावर तिचं वजन लिहिलेलं होतं. एक्केचाळीस किलो. काटेवाल्याच्या खोलीतल्या छोट्या काट्यावर त्याने गोणीत तेवढी खडी मोजून भरली, तोंड सुतळीने शिवलं आणि गोणी डावीकडच्या सीटवर ठेवली.

काटेवाला दारात उभा राहून पाहत होता. दहा टनांत एक्केचाळीस किलोने काय फरक पडतो, असं तो म्हणाला. "मग तुम्ही सकाळी चहा प्यायलात तोही धरा."

"धरलाय. तेव्हाही एकच कप पीत होतो."

तिचं घड्याळ त्याने समोरच्या आरशाला बांधलं. फाटकापाशी सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबला आणि निघाला.

इंजिन तसंच गरजलं. केबिनभर आवाज कोंदला, स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं, आणि दुसऱ्या वळणावर त्याची खात्री पटली की अर्धा मिनिट तरी वाचतंय. टाकीपाशी त्याने घड्याळ पाहिलं. सात तेरा. गाडी कडेला घेऊन त्याने घड्याळ सोडलं आणि कानाला लावलं. ते चालू होतं.

त्याने वहीत आकडा लिहिला. तिच्या आकड्यांखाली त्याचे आकडे मोठे आणि वेडेवाकडे दिसत होते.

दुसरी फेरी रविवारी झाली. सात अकरा.

त्या दिवशी लेक त्याचे धुतलेले कपडे घेऊन थेट गाडीतळावर आली. तिला तिच्या घरापर्यंत सोडायचं होतं. तिने डावीकडचं दार उघडलं आणि पायरीवरच थांबली.

"माझ्या जागेवर हे कोण बसलंय?"

त्याने सांगितलं. डोळ्यांत डोळे न घालता, वहीचं पान उघडून, एकेका ओळीवर बोट ठेवत सांगितलं. मिस्त्री काय म्हणाला तेही. लेकीने आईचं अक्षर पाहिलं, मग गोणी, मग पुन्हा वही. हसू की रडू असं तिचं तोंड झालं.

"एक्केचाळीस कुठून आणलंत?"

"कागदावर होतं."

"ते शेवटचं हो, बाबा. फेऱ्या मोजत होती तेव्हा आई एकसष्ट किलो होती. त्याच आठवड्यात आम्ही दोघी त्या छोट्या काट्यावर उभ्या राहिलो होतो. काटेवाल्याला बाहेर घालवून. मला म्हणाली, तुझ्या बाबांना सांगितलंस तर बघ, चढ चढला नाही की माझ्या नावाने खडे फोडतील."

 मग खिशातून पेन काढून त्याने सात तेरा आणि सात अकरा यांच्यावर एकेक आडवी रेघ मारली. आकडे दिसतील अशी.

"हे काय करताय?"

"चुकीच्या भाराने झाल्या."

"बाबा, वीस किलोने काही होत नाही. कोण हरलं ते कळलं ना तुम्हाला?"

"कळलं."

"मग करा की सही."

"तीन फेऱ्या ठरल्यात. माणसं तीच ठरलीत."

 लेक मागे ट्रकच्या हौद्यात चढली, तळाशी उरलेली खडी पंज्यांनी गोळा करून बादलीत भरली आणि खाली दिली. त्याने गोणीची सुतळी दातांनी तोडली. बादली ओतल्यावर गोणी सीटवर जरा रुंद झाली, टेकून बसली.

"वीस झाले असतील?" तिने विचारलं.

"उद्या काट्यावर बघू. अंदाजे नको."

मग त्याने गोणी मध्ये सरकवून लेकीला कडेला जागा करून दिली आणि गाडी सुरू केली. सपाट रस्त्यावरही ती गरजतच होती. आवाजामुळे दोघांना बोलता येत नव्हतं. वही लेकीच्या मांडीवर होती. जुन्या डब्याच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या. नव्या पाइपच्या तिन्ही करायच्या होत्या, आणि सही.