कोपऱ्यातल्या फुल्या

मी एक जुना पांढरा फळा आहे. फळा म्हटल्यावर तुम्हाला शाळा आठवली असेल. पण मित्रांनो, शाळा माझ्या नशिबी नव्हती. कारखान्यातून मी थेट एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखतीच्या खोलीत आलो. नोकरीसाठी आलेले इंजिनियर माझ्यावर कोड लिहितात. सुरुवातीला मुलाखत घेणारे साहेब माझं भारी कौतुक करायचे. आता डस्टर फिरवण्यापुरताच संबंध उरलाय. पण पुसलं म्हणजे गेलं, असं नसतं. जुनी अक्षरं माझ्या अंगावर फिकट उरतात.

म्हणून तर मुलाखतीला आलेल्या एक बाई मला ओळखू आल्या. नवऱ्याची नोकरी सुटलेली, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मुलाखतीची ही शेवटची फेरी पार पडली तर घर सावरणार होतं. साहेबांनी विचारलं, की एखादी साखळी फिरून स्वतःलाच येऊन मिळत असेल तर कसं ओळखाल? बाई म्हणाल्या, जाताना प्रत्येक कडीवर फुलीची खूण करायची. खुणेची कडी पुन्हा भेटली, की समजायचं आपण गोल फिरतोय.

त्यांनी मार्कर टेकवला आणि मी शहारलो. हेच अक्षर, हाच प्रश्न, हीच निळी ओढणी काल होती. परवाही होती. साहेबांचं "छान, पुढे?" सुद्धा त्याच सुरात.

लिहिता लिहिता बाई थबकल्या. माझ्या कोपऱ्यात त्यांच्याच हातची एक फिकट फुली होती. तिच्या शेजारी दुसरी, मग रांगच.

"सर, मी इथे आधी आले होते का?"

"नाही. आजच तर बोलावलंय तुम्हाला," साहेब वर न बघता म्हणाले.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "घरी वाट बघत असतील हो," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी फुल्यांखाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'आत येऊ नकोस.' उद्या त्यांना ते दारातूनच दिसलं असतं. मला फार हायसं वाटलं.

संध्याकाळी सफाईच्या मावशी आल्या. मनाने अगदी सोन्यासारख्या. साहेबांनी डस्टर फिरवूनही राहिलेले डाग बघून त्या हळहळल्या. नवा फवारा मारून त्यांनी मला कानाकोपऱ्यासकट लख्ख घासलं. मला ओरडता येत नाही.

मित्रांनो, वस्तू स्वच्छ ठेवा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. माझी विनंती थोडी उलटी आहे. कुठे एखादी फिकट खूण दिसली, तर पुसण्याआधी ती कुणी आणि कशासाठी केली, एवढं विचारा.

आता दार उघडलंय. निळ्या ओढणीच्या बाई माझ्याकडे बघताहेत. मी कोरा आहे.

"येऊ का आत?" त्या हसून विचारताहेत.